पडीत वावर

शाळेतल्या दुसरीच्या वर्गाचं छत पडलं तेव्हा रविवार होता, म्हणून कोणाला लागलं नाही. भादव्यात पावसाची झड लागली होती. स्लॅबमध्ये पाणी मुरलं आणि गिलाव्याचा जाड थर सुटून बाकांवर आला. सोमवारी मुलं दप्तरं घेऊन गेली तर फाटकाला कुलूप होतं. बाई छत्री धरून बाहेर उभ्या होत्या. "घर जाओ बच्चो, मोबाइल पे मैसेज आएगा," असं त्या एकेकाला सांगत होत्या.

मेसेज आला. भोपाळातल्या रायसेन रोडच्या पलीकडे एक शाळा होती, तिथं दुपारी वर्ग भरणार होते. पण तो रस्ता म्हणजे दिवसभर ट्रक आणि बसगाड्या. मोठी मुलं जायला लागली. आनंद नगरातल्या मागच्या ओळीतल्या लहान पोरांना मात्र कोणी पाठवलं नाही. आयांना कामं होती, रोज नेणार कोण आणि आणणार कोण. पोरं घरातच राहिली.

ओळीच्या शेवटच्या दोन खोल्यांत मंजूषा वानखडे राहायची. माहेर चांदूरबाजारकडचं, सासर अमरावतीचं. नवरा जितेंद्र भोपाळला कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होता. त्या दिवसांत त्याला रात्रपाळी होती. सकाळी तो यायचा, अंघोळ करून दोन पोळ्या खायचा आणि खिडकीला चादर बांधून आडवा व्हायचा. मुलगी शमिका सात वर्षांची. तिला कितीही दटावलं तरी ती दोन खोल्यांत किती वेळ गप्प बसणार. भांडं पडायचं, दार वाजायचं, नाहीतर ती मोबाइलवर कार्टून लावायची आणि आवाज वाढवायची.

"मंजू, पोरीले चूप कर व," आतून आवाज यायचा.

एका सकाळी जितेंद्र घरी आला तो डाव्या मनगटाला पट्टी बांधून. पट्टीच्या कडेनं कातडी लाल झालेली दिसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. डोळा लागला न हात सरकला."

"वेल्डिंग करता करता?"

"हाव. सांगतो ना, झोपच होत नाही."

मंजूषानं त्याला वाढलं. तो जेवून आडवा झाल्यावर तिनं पिको-फॉलला आलेल्या साड्या बाजूला ठेवल्या, दाराला बाहेरून कडी लावली आणि शमिकाचा हात धरून घरामागं गेली.

घरामागं सांडपाण्याची नाली होती. नालीवर एक फरशी टाकलेली. ती ओलांडली की बांध आणि बांधापलीकडे मीणांचं वावर. दरवर्षी त्यात सोयाबीन असायचं. यंदा दोघा भावांची हिश्श्यावरून तहसिलीत केस चालू होती, म्हणून कोणी पेरलं नव्हतं. कमरेइतकं गाजरगवत माजलं होतं. मध्ये एक मोठी बाभूळ होती, तिच्याखाली तेवढी सावली.

"इथं काय करायचं?" शमिकानं विचारलं.

"तू बांधावर बस. गवताले हात लावू नको, खाज सुटते."

मंजूषानं घरून विळा आणला. माहेरून आणलेला, इथं आल्यापासून फक्त नारळ सोलायला वापरलेला. ओढणी डोक्याला आणि तोंडाला बांधून ती वाकली. पहिल्या दिवशी बाभळीखालचंच साफ झालं. कंबर धरली. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं. तिनं खोबरेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी जितेंद्रचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पुन्हा गेली. तिला काही शाळा काढायची नव्हती. नवऱ्याला दुपारपर्यंत झोप मिळावी, एवढंच.

पण वावरात माणूस दिसलं की पोरं येतात. आधी शेजारची गुड्डी आली, मग नऊ वर्षांचा अक्षय आला, मग त्याच्या मागून आणखी. गुड्डीची आई चार घरी धुणं-भांडी करायची. तिनं नालीपलीकडूनच विचारलं, "दीदी, इसको भी देख लोगी क्या?"

"हओ, बैठने दो," मंजूषा म्हणाली. भोपाळला आल्यावर तिला हिंदी लवकर आली होती.

पोरं जमली पण त्यांचं करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पहिले दोन दिवस ती नुसती "इकडं जाऊ नका, तिकडं जाऊ नका" म्हणून ओरडत राहिली. घसा बसला. तिसऱ्या दिवशी तिनं अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी आणली. तिच्यात वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या आणि म्हणाली, "चला, बाभूळ मोजा. कमरेत किती जाड आहे ते."

पोरं बाभळीला भिडली. दोरी धरायला एक, गाठी मोजायला एक. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं. भांडण झालं. पुन्हा मोजलं. मग अक्षय म्हणाला, आपण गुड्डीला मोजू. गुड्डी हसत हसत आडवी पडली. मग नाली मोजली, बांध मोजला, एक मेलेला सरडा मोजला. दुपार झाली तरी कोणी घरी जायचं नाव घेईना.

पुढं तिला सुचत गेलं. सकाळी एक काठी रोवायची, सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं. खडा जागेवर आणि सावली पुढं गेलेली. "किसने खिसकाया?" म्हणून पोरं एकमेकांवर धावून गेली. चुलीची राख पसरून बोटानं अक्षरं काढायची, दुसऱ्यानं डोळे मिटून हात फिरवून ओळखायची. बाभळीच्या शेंगा, रुईची पानं, खडे गोळा करून त्यांचे ढीग लावायचे, आणि असा ढीग का लावला ते सांगायचं. शमिकानं एकदा पान, शेंग आणि मुंगळा एका ढिगात ठेवले. अक्षय हसला. शमिका म्हणाली, "ये सब पेड़ पे रहते हैं." मंजूषाला हे पटलं. तिनं ढीग तसाच राहू दिला.

शमिका शाळेत हिंदी बोलायला बुजायची. बाई सांगायच्या, मुलगी चुपचाप असते. इथं ती कोणत्या भाषेत बोलतेय याकडे तिचं लक्षच नसायचं.

एका सकाळी बांधावर मोटरसायकल थांबली. उतरलेला माणूस साठीचा, पांढरा गमछा गळ्यात. हरिसिंह मीणा, थोरला भाऊ. मंजूषानं पोरांसाठी दोन वाफे करायला घेतले होते. खुरप्यानं माती भुसभुशीत केली होती, कडेनं मातीचे बांध घातले होते. ते पाहून तो वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"किसने बिठाया है तुमको यहाँ?"

"किसी ने नहीं. बच्चे खेलते हैं."

"खेलते हैं तो ये क्यारी काय के लिए? छोटे ने भेजा होगा. कल को बोलेगा मेरा कब्ज़ा है."

आपल्या गावी अशा केसमध्ये माणसं कशी वागतात हे मंजूषानं पाहिलं होतं. तिनं खुरपं खाली ठेवलं आणि शाळेचं छत पडल्याचं, रस्त्याचं सांगितलं. नवऱ्याच्या झोपेचंही सांगून टाकलं. हरिसिंह ऐकत होता की नाही, समजत नव्हतं. त्यानं वाफ्यातली माती उचलली आणि बोटांत चोळली.

"इसमें क्या डालोगी?"

"मेथी."

"अभी गर्मी है. जल जाएगी. आठ दिन रुको." मग तो बांधाकडे वळला. "खूँटा नहीं गाड़ना, तार नहीं लगाना. जिस दिन बोलूँ उस दिन खाली. समझीं?"

"हओ."

मोटरसायकल गेल्यावर मंजूषाच्या लक्षात आलं की ती बोलताना सारखा शर्ट खाली ओढत होती. जितेंद्रचा शर्ट, पुढं मातीनं भरलेला, दोन गुंड्या तुटलेल्या.

ओळीच्या तोंडाशी दुमजली घर होतं पेंडशांचं. अरविंद पेंडसे कारखान्यात इंजिनीअर. ज्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, जितेंद्र ठेकेदाराकडून काम करायचा, ती त्यांच्याच हाताखाली. बायको वंदना पुण्याची. मुलगा परीक्षित आठ वर्षांचा, इंग्रजी शाळेत. बसनं जायचा आणि दुपारी घरी यायचा. त्यांच्या गच्चीवरून वावर दिसायचं.

एक दिवस वंदना स्वतः नालीपर्यंत आली. चपला चिखलात जाऊ नयेत म्हणून फरशीवरच थांबली.

"मंजूषा ना तुम्ही? आमचा परीक्षित गच्चीवरून रोज बघतो. टॅब सोडत नाही तो एरवी. दुपारी पाठवला तर चालेल का?"

"चालेल की, ताई. माती लागते पण."

"लागू दे. धुता येते."

परीक्षित आला तो पांढऱ्या बुटांत. दोन दिवसांनी अनवाणी यायला लागला. मेथी पेरली त्या दिवशी त्यानं विचारलं, "कधी उगवणार?"

"दोन दिवसांत," मंजूषानं सांगून टाकलं.

दोन दिवसांत काही उगवलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी जाऊन येईपर्यंत पोरांनी अर्धा वाफा उकरून ठेवला होता. फुगलेलं बी हातावर घेऊन परीक्षित तिला दाखवत होता. "आंटी, याला शेपूट आलीय."

ती रागावणार होती. पण बियांतून निघालेले ते पांढरे कोंब तिनं स्वतःही असे हातावर घेऊन कधी पाहिले नव्हते. पेरायचं आणि उगवलं की निंदायचं, एवढंच माहेरी केलेलं. तिनं वाफ्याच्या कोपऱ्यात वेगळं बी टाकलं आणि सांगितलं, "हे उकरून पाहायचं. रोज पाहा. बाकीच्याले हात लावायचा नाही." पोरं रोज तिथलं एकेक बी काढून शेपूट केवढी झाली ते मोजायची.

खुरपं मात्र कोणी घ्यायचं नाही, हे तिनं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. धारेचं होतं. त्या दुपारी गुड्डीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मंजूषा तिचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढत होती. गुड्डी किंचाळत होती. मागं अक्षयनं खुरपं घेतलं आणि वाफ्याच्या कडेला गांडुळं काढायला खणू लागला. गांडूळ दिसलं तसा परीक्षितनं हात घातला. खुरपं खाली येत होतं.

परीक्षित आधी रडलाच नाही. नुसता हाताकडे पाहत उभा राहिला. अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त मनगटावर उतरलं आणि मातीत पडलं. मग शमिका ओरडली, "आई."

मंजूषानं ओढणी सोडून हात घट्ट बांधला आणि पोराला उचललं. आठ वर्षांचं पोर जड होतं. नालीच्या फरशीवर तिचा पाय घसरला, गुडघा आपटला, पण तिनं त्याला सोडलं नाही. पेंडशांच्या फाटकाची बेल तिनं कोपरानं दाबली.

वंदना एकटी होती. दार उघडून तिनं पाहिलं आणि तिच्या हातातला फोन खाली पडला. "काय केलंत? काय केलंत याला?" एवढंच ती म्हणत राहिली. रिक्षा आली. मंजूषा आत बसायला लागली तेव्हा वंदनानं तिला हातानं मागं केलं. "तुम्ही नका. प्लीज, तुम्ही नका येऊ." रिक्षा गेली. मंजूषा रस्त्यात उभी राहिली. शर्ट रक्तानं आणि मातीनं भरला होता. समोरच्या घरातली बाई दारातून पाहत होती.

टाके पडले. हाड वाचलं होतं. संध्याकाळी जितेंद्र उठल्यावर मंजूषानं सगळं सांगितलं. तो पलंगावर बसून राहिला.

"कोणाचा पोरगा म्हणाली?"

"पेंडशांचा."

"आपल्या पेंडसे साहेबांचा?"

तिनं मान डोलावली.

"तुले काहून पाहिजे होते व हे धंदे? तू काय मास्तरीण आहे?" त्याचा आवाज चढला नाही. "चाल. अशीच चाल. माफी मागून येऊ."

ते दोघं गेले. वंदनानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. दोघं पायरीखाली उभे राहिले. परीक्षित आत सोफ्यावर झोपला होता, पांढरी पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला. मंजूषा म्हणाली, "माह्यं लक्ष नव्हतं, ताई. दुसऱ्या पोरीचा काटा काढत होती."

"मी विश्वासानं पाठवलं होतं," वंदना म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "डॉक्टर म्हणाले, थोडं खोल गेलं असतं तर अंगठा वळला नसता त्याचा. लिहायचा हात आहे तो."

अरविंद पेंडसे आतून आले. अजून कारखान्याच्या कपड्यांतच होते. त्यांनी जितेंद्रला ओळखलं.

"वानखडे ना? तुम्ही तर रोज सेफ्टीच्या बोर्डाखालून आत जाता. घरी नाही सांगत का त्यातलं काही?"

"चूक झाली, साहेब."

"रिकाम्या प्लॉटमध्ये, परक्याच्या जमिनीत पोरं गोळा करायची, हातात हत्यारं. उद्या साप निघाला तर जबाबदार कोण?"

"बंद करतो, साहेब. उद्यापासून बंद."

परत येताना जितेंद्र पुढं चालत होता. तो त्या दिवशी न जेवताच पाळीवर गेला.

मंजूषानं खरंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं दारात उभी राहिली. तिनं बोट तोंडावर ठेवून त्यांना परत पाठवलं. शमिकाला दाराशी बसवलं आणि मोबाइल दिला. आवाज बंद करून शमिका कार्टून पाहत राहिली. जितेंद्र आत झोपला होता, की नुसता पडला होता, कोण जाणे. सारखा कूस बदलत होता.

असे काही दिवस गेले. मग एक दिवस साडीला फॉल लावता लावता मंजूषाच्या लक्षात आलं की शमिका दाराशी नाही. ती मागं गेली. नालीच्या फरशीवरून पाहिलं तर सगळी पोरं वावरात. मोठं माणूस कोणी नाही. अक्षय बाभळीवर चढलेला. दोघं-तिघं गाजरगवताच्या आतच शिरलेली. परीक्षित, हाताला पट्टी, डाव्या हातात तांब्या, वाफ्याला पाणी घालत होता.

"तू आईला सांगून आलास का?"

त्यानं मान हलवली. नाही.

"बाकी कोणी सांगून आलं का?"

गुड्डी म्हणाली, "आंटी, मेथी सूख रही थी."

मंजूषानं परीक्षितला फाटकापर्यंत सोडलं, पण बेल वाजवायची हिंमत झाली नाही. तो आत जाईपर्यंत रस्त्यावर थांबली. परत येऊन बांधावर बसली. हातात काही घेतलं नाही, काही शिकवलं नाही. नुसती बसून राहिली, पोरं दिसतील अशी. दुसऱ्या दिवशीही बसली.

तिसऱ्या दिवशी मागून पावलं वाजली. जितेंद्र होता. झोपेतून उठून आलेला, बनियनवर.

"बंद केलं म्हणाली होती ना."

"मी बंद केलं. पोट्ट्यांनी नाही केलं. मी नाही बसली तरी थे येतात. मग बसलेलं बरं."

जितेंद्र तिच्या शेजारी बांधावर टेकला. खाली पोरं वाफ्यात हातानं गवत उपटत होती, एकमेकांच्या अंगावर पडून. शमिकाचं डोकं अक्षयच्या कोपराला लागलं. ती तशीच काम करत राहिली.

"पेंडसे साहेबांनी काही म्हटलं का तिकडं?" मंजूषानं विचारलं.

"नाही. काहीच बोलत नाहीत. बाजूनं जातात, पाहतही नाहीत." तो मनगटावरची वाळलेली खपली खाजवत होता. "थे बोर्डाचं बोलले ना, थे खरंच होतं. तेच लागलं मले."

रविवारी सुट्टी होती. ठेकेदाराच्या गोदामाबाहेर यंत्रांच्या पेट्यांच्या तुटक्या फळ्या पडलेल्या असायच्या. जितेंद्रनं विचारून एक भारा घरी आणला. दिवसभर अंगणात बसून करवतीनं कापत होता, कानशीनं घासत होता. लाकडाची खुरपी केली, टोकाला गोल. मुठी पोरांच्या हाताच्या मापाच्या. शमिकाचा हात मोजून पाहिला आणि अक्षयसाठी थोडी मोठी केली. कुसळ राहू नये म्हणून प्रत्येक मूठ आपल्या गालावर फिरवून पाहिली. लोखंडी खुरपं आणि विळा त्यानं घरात माळ्यावर टाकला.

मंगळवारी पाळीवरून आल्यावर तो झोपायच्या आधी वावरात आला. पोरांना ओळीत उभं केलं.

"हाथ फैलाओ. दोनों. पूरा."

पोरांनी हात पसरले.

"बाजूवाले को लग रहा है? तो सरको. किसी को नहीं लगा, तभी काम चालू."

पोरांना तो खेळच वाटला. हात पसरून गोल फिरायचं, कोणाला लागलं तर तो बाद. त्यांनी दोन-तीनदा सगळं पहिल्यापासून केलं. मग बसली. लाकडी खुरप्यांनी काम हळू होत होतं, पण होत होतं. जितेंद्र घरी गेला आणि झोपला. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं कूस बदलली नाही.

मंजूषानं एक गोष्ट केली. प्रत्येक पोराच्या घरी जाऊन सांगून आली की मी अमुक वेळ बसते, पाठवायचं तर सांगून पाठवा, मी एकटी आहे, काटा लागेल, माती लागेल. पेंडशांच्या दारातही गेली. वंदनानं जाळीच्या दारातूनच ऐकून घेतलं.

"त्या दिवशी तो न सांगता आला होता, ताई. मी परत सोडला. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं."

"मी गच्चीवरून पाहिलं होतं," वंदना म्हणाली. "पट्टी निघू दे. मग बघू."

दिवाळीनंतर दोघा मीणा भावांचं एकदाचं जमलं. केस चालू ठेवण्यात दोघंही थकले होते. मोजणीच्या दिवशी पटवारी आला, दोन्ही भाऊ आले, त्यांची मुलं आली. माणसं साखळी ओढत होती. पोरं बांधावर ओळीनं बसून पाहत होती. मध्येच धाकट्या भावाचा मुलगा आणि हरिसिंह यांच्यात बाचाबाची झाली, गळ्याला हात जायची वेळ आली. मंजूषानं पोरांना उठवून घराकडे नेलं. संध्याकाळी दगड रोवले गेले. बाभळीकडचा भाग हरिसिंहच्या वाट्याला आला.

तो नालीपर्यंत आला. "बाई, परसों ट्रैक्टर आएगा. चना डालना है. खाली कर लो."

"मेथी है," मंजूषा म्हणाली. वीतभर झाली होती, कोवळी.

"तो निकाल लो. मैं क्या करूँ, देर वैसे ही हो गई."

तिनं पोरांना बोलावलं. मेथी मुळासकट उपटायची, माती झटकायची, जुड्या बांधायच्या. जुड्या सारख्या कशा करायच्या यावर वाद झाला. कोणी काड्या मोजल्या, कोणी हातात धरून वजन पाहिलं. परीक्षितही आला होता, पट्टी निघालेली. अंगठ्याच्या बेचक्यात गुलाबी रेघ होती. तो जुडी बांधायला बघत होता, पण अंगठा पुरता मिटत नव्हता आणि दोरा सुटत होता. शमिकानं एक टोक धरलं. तरी सुटला. त्यानं दातात धरला आणि बांधला. प्रत्येकाच्या घरी एकेक जुडी गेली. गुड्डी मोकळ्या वाफ्याकडे पाहून रडली. इतर कोणी रडलं नाही.

ट्रॅक्टर सकाळी आला. पोरं बांधावर होती. नांगराच्या फाळानं गाजरगवत उलटं पडत होतं, मागून बगळे उतरत होते. वाफे कुठं होते हे थोड्याच वेळात कोणाला सांगता आलं नसतं. बाभळीपाशी ट्रॅक्टर वळला आणि तिच्या भोवतालचा तुकडा सोडून पुढं गेला. काम झाल्यावर हरिसिंह घाम पुसत बांधावर आला. मंजूषानं त्याला पाणी दिलं.

"बबूल के नीचे फाल नहीं जाता, जड़ें हैं," तो म्हणाला. "उतना पड़ा रहेगा. बच्चे बिठाना हो तो बिठा लो. फसल में पाँव नहीं पड़ना चाहिए किसी का."

"नहीं पड़ेगा."

"पड़ेगा. बच्चे हैं." त्यानं तांब्या परत दिला. "मेड़ से आना-जाना."

त्या दुपारी पोरांना बांधावरून एकामागोमाग चालायला लावून ती बाभळीखाली घेऊन गेली. शाळेच्या छताचं काम कधी सुरू होणार, ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. जागा पहिल्यापेक्षा बरीच लहान होती. हात पसरल्यावर सगळी मावेनात, म्हणून अर्धी उभी राहिली आणि अर्धी बसली. मंजूषाचं सगळं लक्ष नांगरलेल्या रानाच्या कडेवर होतं. तिकडं पाहिलं की इकडं कोणी फांदीला लोंबकळायचं.

बांधावरून परीक्षित येताना दिसला. मागं वंदना होती. ड्रेसचा घोळ एका हातानं वर धरून, पाय जपून टाकत. बाभळीपर्यंत येऊन थांबली. तिला थोडा दम लागला होता.

"मेथी चांगली होती," ती म्हणाली. "थोडी कडू होती, पण यानं खाल्ली. एरवी हिरवं काही खात नाही."

"हाव, यंदा कडूच निघाली."

परीक्षित पोरांत जाऊन बसला. वंदना उभीच होती. तिचं लक्ष त्याच्या हाताकडे होतं, आणि त्याच्या हातातल्या लाकडी खुरप्याकडे.

"हे कोणी केलं?"

"यांनी. शमिकाच्या बाबांनी."

वंदनानं वाकून एक खुरपं उचललं. टोकावरून बोट फिरवलं आणि परत ठेवलं. "किती वाजता येऊ याला न्यायला?"

मंजूषानं अक्षयला खाली उतरायला सांगितलं, गुड्डीला कडेवरून मागं ओढलं, आणि मग म्हणाली, "ताई, तुम्ही बसता का?"

"मी?"

"एकटीचं लक्ष पुरत नाही. त्या दिवशीही पुरलं नाही."

"मला यातलं काही येत नाही. माती वगैरे."

"माती मी पाहीन. तुम्ही पोरं पाहा."

वंदनानं एकदा आपल्या घराच्या गच्चीकडे पाहिलं. मग चपला काढून बांधाशी ठेवल्या आणि ड्रेस सावरत आत आली. "कुठं बसू?" तिनं विचारलं.

"तिथं, त्या मुळावर," मंजूषा म्हणाली. "तिथून सगळे दिसतात."